सव्वाशे वर्ग आणि एक यतिभंग

सात मात्रांच्या ओळीत लघु-गुरूंची मांडणी एकूण २१ तऱ्हांनी होते, आणि २१ ला ७ ने पूर्ण भाग जातो. तेरा मात्रांच्या ओळीच्या मांडण्या भरतात ३७७. त्यांना १३ ने पूर्ण भाग जातो. सतरा मात्रांच्या २५८४, त्यांना १७ ने. तेवीस मात्रांच्या ४६,३६८, त्यांना २३ ने. यात योगायोग काही नाही. शेवटी ३ किंवा ७ हा अंक असलेली कोणतीही मूळ संख्या घ्यावी, तेवढ्या मात्रांची ओळ कल्पावी आणि मांडण्या मोजाव्यात. त्या मूळ संख्येने पूर्ण भाग जाणारच.

१८७६ साली फ्रान्समध्ये एदुआर ल्युका या गणितशिक्षकाने या गुणाच्या आधारावर एक मूळ संख्या पकडली. ती अशी: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. एकोणचाळीस अंकांची. दोनचा १२७वा घात घेऊन त्यातून एक वजा केला की ती मिळते. त्यानंतर ७५ वर्षं हिच्यापेक्षा मोठी मूळ संख्या कुणालाही ठाऊक नव्हती, आणि यंत्राची मदत न घेता निव्वळ हाताने सिद्ध झालेली याहून मोठी मूळ संख्या आजही नाही. ल्युकाला मात्रा, लघु, गुरू यांची वार्ता नव्हती. त्याच्या समोर फक्त एक माळ होती: १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४... तिला फिबोनाचीचं नाव त्यानेच रूढ केलं. पण ही माळ फिबोनाचीच्या कित्येक शतकं आधी भारतात मोजली गेली होती, आणि तीही छंदांसाठी. म्हणून या एकोणचाळीस अंकी संख्येची कुळकथा सशांच्या जोड्यांपासून सांगायची की मात्रावृत्तांपासून, हा खरा प्रश्न आहे.

सर्वांना माहीत असलेला भाग आधी उरकून घेऊ. दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६४४ साली २५७ पर्यंतच्या घातांकांची एक यादी छापली. तीत ६७ आणि २५७ हे दोन चुकीचे घातांक शिरले होते, तर ६१, ८९ आणि १०७ हे तीन सुटले होते. १२७ मात्र तिथे होता आणि तो बरोबर निघाला. ऑयलरने १७७२ साली ३१वा घात तपासून २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं. ते काम त्याने जुन्याच वाटेने केलं होतं: शक्य असलेले भाजक एकेक करून लावायचे आणि कुणाचाच भाग जात नाही हे पाहायचं. एकोणचाळीस अंकी संख्येला ही वाट बंद आहे. तिच्या वर्गमुळापर्यंतचे भाजक तपासायचे तर वीस अंकी संख्यांपर्यंत जावं लागतं.

ल्युकाची थोरवी अशी, की त्याने भाजक शोधण्याचा नादच सोडला.

त्याने काय केलं ते मात्रांच्या भाषेत फार सुरेख उलगडतं. मराठी वाचकाला लघु म्हणजे एक मात्रा आणि गुरू म्हणजे दोन, हे शाळेपासून ठाऊक असतं. चार मात्रांची जागा भरायची तर चार लघु. एक गुरू आणि दोन लघु तीन प्रकारे. किंवा दोन गुरू. एकूण पाच मांडण्या. पाच मात्रांच्या मांडण्या मोजायला सगळ्या लिहून काढायची गरज नाही. ओळ लघूवर संपत असेल तर त्याच्या आधी चार मात्रांची कोणतीही मांडणी चालते, म्हणजे ५. गुरूवर संपत असेल तर आधी तीन मात्रांची, म्हणजे ३. बेरीज ८. शेवटच्या दोन संख्या मिळवा, पुढची तयार.

हा नियम विरहांकाच्या 'वृत्तजातिसमुच्चय' या प्राकृत ग्रंथात स्पष्ट सांगितलेला आहे. अभ्यासक विरहांकाचा काळ सहावं ते आठवं शतक असा धरतात. पुढे त्यावर टीका लिहिणाऱ्या गोपाळाने तो उलगडून दाखवला, आणि ११५० च्या सुमारास गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी 'छंदोनुशासना'त पुन्हा मांडला. १३५६ साली नारायण पंडिताने 'गणितकौमुदी'त तो व्यापक केला. इथे एक मराठी नाव घेतलंच पाहिजे. हे छंदोग्रंथ हस्तलिखितांतून सोडवून, पाठ पारखून छापील रूपात आणण्याचं फार मोठं काम मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातले संस्कृतचे प्राध्यापक ह. दा. वेलणकर यांनी केलं. 'जयदामन' हा त्यांचा जुन्या छंदोग्रंथांचा संग्रह १९४९ सालचा. विरहांकाच्या ग्रंथाची त्यांची आवृत्ती जोधपूरहून १९६२ साली निघाली. १९८५ साली परमानंद सिंग यांनी गणिताच्या इतिहासाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात भारतातल्या या माळेवर लेख लिहिला आणि जगभरचे गणिती 'फिबोनाचीच्या आधी कोण' हे नीट सांगू लागले. अशा लेखनाला पाया मिळतो तो शुद्ध पाठांचा, आणि ते हाती येण्यामागे वेलणकरांसारख्यांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे.

मूळ आणखी मागे नेता येतं का, यावर वाद आहे. इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत होऊन गेलेल्या पिंगलाच्या छंदःसूत्रांत 'दोन्ही मिसळावेत' अशा अर्थाचं दोन शब्दांचं एक सूत्र आहे. काही अभ्यासकांच्या मते त्यात ही बेरीज दडलेली आहे: लघूवर संपणाऱ्या आणि गुरूवर संपणाऱ्या मांडण्या एकत्र करा, असा त्याचा रोख. उलट बाजू म्हणते, की इतक्या त्रोटक सूत्रातून नंतरच्या टीकाकारांना हवं ते निघतं. पिंगलाचा मुख्य विषय अक्षरवृत्तं, मात्रावृत्तं नव्हेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं जड वाटतं. माळेचा मान विरहांकाला देणंच न्याय्य. पण त्यामुळे पिंगल या कुळकथेतून बाद होत नाही. ल्युकाच्या सिद्धतेला दोन अवजारं लागली, आणि दुसऱ्याचा धागा थेट पिंगलापर्यंत पोचतो.

ते अवजार म्हणजे वर्ग करत करत मोठ्या घाताला पोचणं. एखाद्या वृत्तात ठरावीक अक्षरं असतील आणि प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू असू शकेल, तर मांडण्या किती? उत्तर दोनचा घात. तो झटपट काढण्याची पिंगलाची रीत अशी: घातांक सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर एक वजा करा, शून्य येईपर्यंत हेच करत जा. मग उलट्या क्रमाने परत या. जिथे एक वजा केला होता तिथे दुप्पट करा, जिथे निम्मं केलं होतं तिथे वर्ग करा. १२७ वर ही रीत लावून पाहावी. १२७, १२६, ६३, ६२, ३१, ३०, १५, १४, ७, ६, ३, २, १, शून्य. तेरा पायऱ्या: सात वेळा दुप्पट आणि सहा वेळा वर्ग. एरवी दोनला दोनने १२६ वेळा गुणावं लागलं असतं. आजच्या प्रत्येक संगणकात मोठे घात काढण्याची पद्धत मुळात हीच आहे.

आता या दोन्ही गोष्टी एकत्र कुठे येतात ते पाहू. आपल्या ओळखीचं पादाकुलक घ्या. सोळा मात्रांचा चरण, मध्ये आठव्या मात्रेवर विराम. विरामाची अट न पाळता सोळा मात्रांच्या सगळ्या मांडण्या मोजल्या तर त्या १५९७ होतात. या १५९७ चे दोन गट पडतात. पहिल्या गटात आठवी मात्रा संपताना अक्षरही संपतं. डावीकडे आठ मात्रांच्या ३४ मांडण्या, उजवीकडेही ३४, म्हणून ३४ गुणिले ३४, म्हणजे ११५६. दुसऱ्या गटात आठवी आणि नववी मात्रा मिळून एकच गुरू बसतो आणि विराम तुटतो, हा यतिभंग. मग दोन्हीकडे सात-सात मात्रा उरतात, प्रत्येकीच्या २१ मांडण्या, म्हणून २१ गुणिले २१, म्हणजे ४४१. आणि ११५६ अधिक ४४१ बरोबर १५९७.

म्हणजे आठ आणि सात मात्रांच्या मांडण्या माहीत असल्या, की मधल्या सात पायऱ्या न चढता थेट सोळा मात्रांवर उडी मारता येते. पुढची उडी बत्तीसवर, मग चौसष्टवर. ही दुपटीची उडी नसती तर ल्युकाची कसोटी उभीच राहिली नसती, कारण त्याला ज्या पदाची पारख करायची होती ते माळेतलं दोनच्या १२७व्या घाताइतक्या क्रमांकाचं पद होतं. एकेक बेरीज करत तिथे पोचायला विश्वाचं वय पुरणार नाही. दुपटीने १२७ उड्यांत पोचता येतं, आणि प्रत्येक उडीनंतर एकोणचाळीस अंकी संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची असल्यामुळे आकडेही हाताबाहेर जात नाहीत.

ल्युकाने ही उडी आणखी सुटसुटीत केली. फिबोनाचीच्या माळेची एक जुळी माळ आहे: १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७... आज तिला ल्युका-संख्या म्हणतात. मात्रांच्या हिशेबात तिचाही अर्थ लागतो आणि तो थेट तालाच्या आवर्तनात सापडतो. आठ मात्रांचा केरवा घ्या. बोल एक मात्रेचे किंवा दोन मात्रांचे असू द्या, आणि शेवटच्या मात्रेवर सुरू झालेला दोन मात्रांचा बोल समेवर संपायलाही परवानगी द्या. समेपाशी सरळ तुटणाऱ्या मांडण्या ३४, सम ओलांडणाऱ्या बोलाने उरलेल्या सहा मात्रांच्या १३, एकूण ४७. तीनतालाच्या सोळा मात्रांना हाच हिशेब लावला तर १५९७ अधिक ६१०, म्हणजे २२०७. आणि ४७ चा वर्ग २२०९, त्यातून दोन गेले की २२०७! मात्रा सम संख्येत असतील तर आवर्तन दुप्पट करायला वर्ग करा आणि दोन वजा करा. एवढंच.

त्यामुळे कसोटी अशी झाली: ३ पासून सुरुवात करा, वर्ग करून दोन वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. १२७ या लहान संख्येवर ती पूर्ण करून पाहता येते, कारण १२७ म्हणजे दोनचा सातवा घात वजा एक. ३, ७, ४७, २२०७. या २२०७ ला १२७ ने भागल्यावर बाकी ४८. त्याचा वर्ग वजा दोन २३०२, बाकी १६. त्याचा वर्ग वजा दोन २५४, आणि २५४ म्हणजे १२७ ची दुप्पट. बाकी शून्य. पाच वर्गांत १२७ मूळ ठरली. एकोणचाळीस अंकी संख्येसाठी असेच सव्वाशे वर्ग लागतात.

बाकी शून्य आली म्हणजे संख्या मूळच, हे कशावरून? इथे एक सापळा आहे. सुरुवातीला सांगितलेला भाग जाण्याचा गुण काही संयुक्त संख्याही दाखवतात. ३२३ म्हणजे १७ गुणिले १९, तरीही ३२३ मात्रांच्या मांडण्यांना ३२३ ने पूर्ण भाग जातो. नुसता हा गुण पुरावा होऊ शकत नाही. ल्युकाने पकडला तो भाग पहिल्यांदा कुठे जातो, हा मुद्दा. कोणतीही मूळ संख्या घेतली तर तेवढ्या मात्रांपर्यंतच्या कुठल्या ना कुठल्या ओळीच्या मांडण्यांना तिने भाग जातोच. त्याहून पुढे वाट पाहावी लागत नाही. आणि भाग जाणाऱ्या लांब्या ठरावीक अंतराने येतात: सातचा भाग ७, १५, २३ मात्रांना जातो, म्हणजे एक मिळवला की आठच्या पटींना. ल्युकाच्या संख्येत एक मिळवला तर दोनचा शुद्ध घात मिळतो, त्यात दुसरा कुठलाही अवयव नाही. सव्वाशे वर्गांनंतर शून्य आलं, की ल्युकाच्या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाच्या बाबतीत भाग जाणारी पहिली लांबी त्या पूर्ण संख्येइतक्या मात्रांची ठरते, त्याच्या आत नाही. पण संख्येला लहान अवयव असता तर त्याला आपल्या लहान लांबीतच भाग द्यावा लागला असता. म्हणून लहान अवयव नाही. एकही भाजक न लावता प्रश्न निकाली निघतो, आणि संख्येचा आकार दोनच्या घाताशेजारचा असल्यामुळेच तो इतक्या स्वच्छपणे निघतो.

ल्युकाने हे हिशेब द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून करण्याची युक्ती सांगितली आहे: १२७ घरं रुंद आणि १२७ घरं उंच असा बुद्धिबळाचा पट, एकच्या जागी प्यादं, शून्याच्या जागी रिकामं घर. एका स्तंभात दोन प्यादी जमली की ती उचलून शेजारच्या स्तंभात एक ठेवायचं. दोनचा १२७वा घात आणि १ यांची बाकी सारखीच असल्याने डावीकडून पटाबाहेर जाणारं प्यादं उजव्या कडेने परत आत येतं. समेवरून पुढे गेलेली मात्रा नव्या आवर्तनात मोजावी, तसा हा पट चक्राकार आहे.

या पटाकडे बोट दाखवून एक प्रतिस्पर्धी कुळकथा सांगता येते, आणि ती कमकुवत नाही. ल्युकाचं १८६७ सालचं एक लेखन सॅटिन कापडाच्या विणीवर आहे: ताणा आणि बाणा नियमित अंतराने कसे ओवावेत, याचं अंकगणित. विणकऱ्याच्या आलेखातही घरं असतात, भरलेली आणि मोकळी, आणि नक्षी एका कडेवरून निघून दुसऱ्या कडेने परत येते. तेव्हा या संख्येचं मूळ मागात शोधावं, असं कुणी म्हणेल. पटाची कल्पना विणीतून आली असणं अगदी संभवनीय आहे. ल्युकासारख्या माणसाच्या डोक्यात असे नमुने घर करून राहतात. पण माग हिशेबाची मांडणी देतो, कसोटीचा आत्मा देत नाही. विणीत ना १, २, ३, ५, ८ ची माळ आहे ना दुपटीची उडी. ती फक्त एक आणि दोन मात्रांच्या ओळीत आहे.

दुसरा प्रतिस्पर्धी जास्त प्रसिद्ध: ससे. पिसाचा लेओनार्दो, ज्याला पुढे फिबोनाची म्हटलं गेलं, याने १२०२ च्या 'लिबेर अबाची' या ग्रंथात एका जोडीपासून वर्षाअखेर सशांच्या किती जोड्या होतील ते विचारलं आणि ३७७ हे उत्तर दिलं. हा लेओनार्दो व्यापाऱ्याचा मुलगा. उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात तो भारतीय अंक शिकला आणि त्याच्या ग्रंथाचा आरंभच त्या नऊ अंकांच्या ओळखीने होतो. हेमचंद्र आणि तो यांच्यात जेमतेम अर्धशतकाचं अंतर. हेमचंद्रांचं पाटण, जवळच खंभात आणि भडोचची बंदरं, तिथे येणारी अरबांची गलबतं. अंक या वाटेने पिसाला पोचले, तर माळ का पोचू नये?

मोह पडावा असा हा तर्क आहे, आणि त्याला एक आधारही दाखवला जातो: लेओनार्दोची माळ हेमचंद्रांप्रमाणेच १, २, ३, ५ अशी सुरू होते, आजच्या पुस्तकांतल्यासारखी १, १, २ अशी नाही. पण हा आधार टिकत नाही. त्याच्या कोड्यात पहिल्याच महिन्यात जोडी विते, म्हणून एकावर दोन येणं ओघानेच आलं. मधला दुवा ठरेल असा, ही माळ देणारा एकही अरबी ग्रंथ समोर आलेला नाही. शिवाय छंदाचा हिशेब व्यापाऱ्याच्या कामाचा नाही. अंक, गुणाकार, त्रैराशिक हे बाजारात फिरतात, मात्रावृत्तांची संख्या कोण विकत घेणार? लेओनार्दोने माळ स्वतंत्रपणे काढली असंच मानणं बरं. त्यामुळे भारताचा मान उणा होत नाही. तारखा आपल्या जागी आहेत.

ल्युकाकडे ती आली कुठून, ते मात्र नीट सांगता येतं. सुरुवातीला तो या माळेला लामेची माळ म्हणत असे, कारण गाब्रिएल लामेने १८४४ साली महत्तम साधारण विभाजकाच्या पद्धतीतल्या पायऱ्या मोजायला ती वापरली होती. पुढे इटलीतला प्रिन्स बाल्दास्सारे बोंकोम्पाञी याने १८५७ साली छापलेला लेओनार्दोचा 'लिबेर अबाची' ल्युकाच्या अभ्यासात आला. १८७७ साली त्यावर त्याने बोंकोम्पाञीच्याच नियतकालिकात लिहिलं. मग माळेचं नाव बदललं. एका नावाने दुसऱ्याला बाजूला सारलं, आणि विरहांकाचं नाव त्या वेळी स्पर्धेतच नव्हतं. तसं पाहिलं तर युरोपात भारतीय छंदशास्त्र अनोळखी राहिलं नव्हतं. कोलब्रुकने १८०८ साली संस्कृत-प्राकृत काव्यावर दीर्घ निबंध लिहिला होता. आल्ब्रेख्त वेबरने १८६३ साली बर्लिनमध्ये पिंगलाची सूत्रं छापली होती. पण हे ग्रंथ भाषापंडितांच्या कपाटात होते, गणित्यांच्या नाही.

या ल्युकाने भारताशी स्वतःचं एक नातं कल्पनेने जोडलं, हा कथेतला सर्वांत चकित करणारा भाग. १८८३ साली त्याने 'हनोईचा मनोरा' हे कोडं बाजारात आणलं. तीन खुंट्या, लहानमोठ्या चकत्या, एका वेळी एकच हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. त्याच्यासोबत आख्यायिका दिली ती काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची: पुजारी रात्रंदिवस त्या हलवतात, आणि काम पुरं झालं की जग संपणार. चौसष्ट चकत्यांना किती हालचाली? दोनचा चौसष्टावा घात वजा एक. तीन चकत्यांना ७, सात चकत्यांना १२७, आणि १२७ चकत्यांना बरोबर ती एकोणचाळीस अंकी संख्या. ज्या आकाराच्या संख्यांनी ल्युकाला झपाटलं होतं, त्यांनाच त्याने खेळण्यात घातलं आणि खेळण्याला काशीचा पत्ता दिला. ती आख्यायिका रचलेली. खरं नातं होतं पिंगलाच्या घातांत आणि विरहांकाच्या मांडण्यांत.

एक दंतकथा मात्र पुसायला हवी. ल्युकाने पंधराव्या वर्षी हे काम हाती घेतलं आणि १९ वर्षं हिशेब करून १८७६ साली संपवलं, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं. त्याचा जन्म १८४२ चा, म्हणून आकडे जुळतात. पण कसोटी जुळत नाही. ज्या माळेच्या गुणावर सगळं उभं आहे त्याचं त्याचं लेखन १८७६ च्या सुमाराचं आहे. कसोटी हाती आल्यावर काम उरतं ते सव्वाशे वर्गांचं. चिकाटीच्या माणसाला ते महिन्या-दोन महिन्यांत उरकावं. त्याला एकोणीस वर्षं लागायचं कारण नाही. त्याच्या सिद्धतेत काही फटी राहिल्या होत्या आणि निकालावर शंकाही घेतल्या गेल्या. १९१४ च्या सुमाराला फोकँबेर्ग या फ्रेंच अभ्यासकाने हिशेब पुन्हा करून निकाल पक्का केला. फटी बुजवल्या अमेरिकेच्या डेरिक लेमरने, १९३० साली. म्हणून आज कसोटीला ल्युका-लेमर असं जोडनाव आहे. लेमरने सुरुवात ३ ऐवजी ४ पासून केली. ३ ची सुरुवात फक्त चारने भागल्यावर बाकी ३ उरणाऱ्या घातांकांना चालते, ४ ची सर्व विषम मूळ घातांकांना. ल्युका हे पाहायला नव्हता. १८९१ साली मार्सेच्या विज्ञान परिषदेतल्या मेजवानीत बशी फुटून तिचा तुकडा त्याच्या गालाला लागला, जखम चिघळली आणि तो गेला. आंरी झनाय या रेल्वेतल्या अभियंत्याच्या, मोठ्या मूळ संख्या पडताळणाऱ्या 'अंकगणिती पियानो'चं सादरीकरण त्याच परिषदेत झालं होतं.

पुढे ल्युकाचा विक्रम मोडला तोही याच संख्येच्या खांद्यावरून. १९५१ साली केंब्रिजच्या एड्सॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ल्युकाच्या संख्येचा वर्ग करून त्याला १८० ने गुणलं आणि एक मिळवला. ७९ अंकांची नवी मूळ संख्या निघाली. ३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या स्वॅक यंत्रावर राफाएल रॉबिन्सनच्या आज्ञावलीने ५२१ आणि ६०७ हे दोन नवे मर्सेन घातांक एकाच दिवशी दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या विक्रमी संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे, अंक चार कोटी दहा लाखांवर. शेवटची खात्री तिथेही वर्ग करून दोन वजा करण्याच्या त्याच कृतीने झाली. ल्युकाची संख्याही निवृत्त झालेली नाही. २०१५ साली मांडलेली 'फोरक्यू' ही वेगवान सांकेतिक पद्धत तिच्यावरच आधारलेली आहे. पटाच्या एका कडेने गेलेला अंक दुसऱ्या कडेने परत येतो, म्हणून संगणकाला तिने भागणं फार स्वस्त पडतं.

१८७६ सालीच बेल्जियममध्ये राहणाऱ्या युजेन कातालाँने या संख्येच्या अंगाला आणखी एक साखळी लावली. २ पासून सुरू करा, दोनचा तितकावा घात वजा एक, म्हणजे ३, मग ७, मग १२७, मग ल्युकाची संख्या. पाचही मूळ. सहावी कडी म्हणजे दोनचा ल्युका-संख्येइतका घात वजा एक. तिच्यावर ल्युका-लेमर कसोटी लावायची तर सव्वाशेच्या जागी जवळजवळ १७ वर ३७ शून्यं इतके वर्ग करावे लागतील, आणि ती संख्या लिहून ठेवायलाही पृथ्वीवर जागा नाही. लहान भाजक लावून पाहणं एवढंच आज शक्य आहे. आजवर लावलेल्या एकाही भाजकाने तिला भाग गेलेला नाही.